बॉक्स्टरचे पुढचे दोन ऑक्सिजन सेन्सर हलत नाहीत, सॉकेट फाकलं

प्रश्न
गाडी २००१ ची पोर्श बॉक्स्टर, २.७ लिटर. इंजिनचा दिवा लागला, कोड पी०१३५, म्हणजे पहिल्या बँकेच्या (सिलिंडरच्या एका रांगेच्या) पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारे चारही सेन्सर मूळचे, म्हणून चारही बदलायला घेतले. मागचे दोन निघाले, पुढचे ढिम्म. तीन रात्री गंज सोडवायचं तेल मारलं. काल फटीवाल्या २२ मिमी सॉकेटने जोर लावला तर सॉकेटच फाकलं, आणि एका सेन्सरचे दोन कोपरे चकाकायला लागले. तिथेच हात थांबवला. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पाइप, खाली काढायची हिंमत होत नाही. त्याचे बोल्ट सेन्सरपेक्षा जास्त गंजलेत, आणि तुटले तर तुकडे इंजिनच्या हेडमध्येच राहतील. ही गाडी मला आणखी खूप वर्षं चालवायचीय. काय करू?

उत्तर १
थांबलात ते फार बरं केलंत. नवे सेन्सर हातात आहेत ना? मग जुन्याची वायर सरळ कापा. फट ठेवलेली असते ती वायरीसाठीच, आणि जोर आला की सॉकेट तिथूनच उघडतं. वायर गेली की सहा कोपऱ्यांचं खोल सॉकेट वरून पूर्ण बसतं. बारा कोपऱ्यांचं नको, झिजलेल्या कडांवरून तेच आधी घसरतं.

उत्तर २
वायरीचं पटलं, पण उष्णतेशिवाय हे निघणार नाहीत. तापवायचं ते सेन्सरला नाही, तो ज्या बॉसमध्ये, म्हणजे पाइपवरच्या आटेवाल्या कड्यात, बसतो त्याला. बाहेरचा भाग फुगला की पकड सुटते. आधी तेल नीट पुसा, जवळच्या वायरी आणि होज झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. विजेवर धातू तापवणारी इंडक्शन कॉइल मिळाली तर उत्तम, ज्वाळाच नाही. आणि ब्रेक क्लीनर मारून तापवू नका. क्लोरीनवाला असेल तर विषारी वायू होतो, हे अगदी कळकळीने सांगतोय.

हलला की एका दमात काढू नका. मी एकदा घाईत फिरवत राहिलो. सेन्सर आला, पण बॉसचे आटे सोबत घेऊन. पातळ तारेचं वेटोळं सेन्सरला गुंडाळलेलं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे. थोडा सोडवा, परत आवळा, निवला की तेल, परत थोडा. कुरकुर वाढली की मागे या.

प्रश्नकर्ता
दोन्ही निघाले! वायर कापून कॉइल लावली. पहिला दुसऱ्यांदा तापवल्यावर ‘कट्’ करून सुटला, आवाज ऐकून क्षणभर वाटलं मोडलाच. चकाकलेल्या कोपऱ्यांच्या सेन्सरने तासभर घेतला, पुढे-मागे, पुढे-मागे. दोन्ही बॉसमधून एम१८ गुणिले १.५ चा आटे साफ करायचा टॅप फिरवला. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं होतं, त्यामुळे कीस आत पडला नाही, काळा चिखल होऊन बाहेर आला. नव्यांच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलेलंच होतं. आता हाताने शेवटपर्यंत फिरतायत. किती आवळू?

उत्तर १
५० न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच. वरून आणखी अँटी-सीझ नको, टोकाच्या छिद्रांना लागलं तर नवा सेन्सर वाया. वायर पाइपला टेकत नाही ना, तेवढं हात घालून बघा.

प्रश्नकर्ता
डावी टेकत होती. मूळच्या क्लिपमध्ये बसवली.