चिकानो, ब्रासेरो, हुएल्गा : मराठीत काय लिहावं?

मोरपंखी : कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षसंपावरचा लेख भाषांतराला आलाय. त्यात लॅटिनो, हिस्पॅनिक, चिकानो, ब्रासेरो असे चार शब्द येतात. संपादक म्हणतात, सगळीकडे ‘मेक्सिकन’ करून मोकळ्या व्हा. मला पटत नाही, पण भांडायला मुद्दे हवेत.

दूरदेशी : मग पोर्तो रिकोच्या माणसाला कुठे बसवणार? तो तर १९१७ पासून अमेरिकेचा नागरिक. ढोबळ हिशेब असा : हिस्पॅनिक भाषेवरून, लॅटिनो भूभागावरून. स्पेनचा माणूस हिस्पॅनिक, पण लॅटिनो नव्हे. पोर्तुगीज बोलणारा ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण हिस्पॅनिक नव्हे. ‘हिस्पॅनिक’ला जरा कचेरीतल्या फॉर्मचा वास येतो. बाईसाठी ‘लातिना’.

पारावरचा : चिकानोचा मामला वेगळा. बहुधा ‘मेशिकानो’ या जुन्या उच्चारावरून आलेला शब्द. आधी तो हिणवायला वापरत, आणि तेही बस्तान बसलेले मेक्सिकन-अमेरिकन, नव्याने आलेल्या गरिबांना! साठच्या दशकात तरुणांनी तोच आपणहून लावून घेतला. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. स्पॅनिश बोललं की शिक्षा, कॉलेजचं नाव काढलं की हातकामाच्या वर्गाकडे बोट, या त्यांच्या तक्रारी. फेब्रुवारी १९७० मध्ये पत्रकार रुबेन सालाझार यांनी आपल्या स्तंभात व्याख्याच केली : चिकानो म्हणजे स्वतःकडे गोऱ्यांच्या नजरेने न पाहणारा मेक्सिकन-अमेरिकन. त्याच वर्षी २९ ऑगस्टला, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चाच्या दिवशी, ते एका बारमध्ये बसले होते. शेरीफच्या शिपायाने झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागून ते गेले. आता तुम्हीच सांगा, ‘चिकानो’चं ‘मेक्सिकन’ कसं करणार?

मोरपंखी : म्हणजे आपल्याकडच्या ‘दलित’सारखं?

पारावरचा : अर्धंच. आपली ओळख आपण ठरवायची, इतकं साम्य खरं. पण ‘दलित’ ही मुळात शिवी नव्हती. तळटीपेत ही तुलना नको, वाचक भलतीकडे जाईल.

ऊसपट्टा : ब्रासेरोवर मी बोलतो. ब्रासो म्हणजे बाहू. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून मजूर नेले. सुमारे ४६ लाख कंत्राटं झाली. (माणसं तेवढी नव्हेत, एकच माणूस पुन्हा पुन्हा जायचा.) सरहद्दीवर अंगावर डीडीटीची फवारणी. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के ‘बचत’ म्हणून कापले, ते कित्येकांच्या हाती आलेच नाहीत. आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादमाची उचल ठरते ती कोयत्यावर. तिथे बाहू मोजले, इथे हत्यार. नुसतं ‘शेतमजूर’ लिहिलंत तर त्यातलं कंत्राट निसटेल, म्हणून ब्रासेरोच ठेवा. लेखात ‘एल कोर्तितो’ आलंय का?

मोरपंखी : आलंय. खुरपं चालेल?

ऊसपट्टा : छे! खुरपं बसून चालवतात. ही आखूड दांड्याची कुदळ. लेट्यूसची रोपं विरळ करायला दिवसभर कमरेत वाकून चालायचं. कुणाची पाठ सरळ दिसली की मुकादमाला लांबूनच कळायचं, गडी थांबलाय. कॅलिफोर्नियात तिच्यावर १९७५ मध्ये बंदी आली, तोवर किती कमरा गेल्या असतील!

दूरदेशी : ‘हुएल्गा’ला सरळ ‘संप’ लिहा. घोषणेत मात्र ‘वेल्गा!’ राहू द्या, स्पॅनिशमध्ये तिथला ह मुका. आणि त्याला ‘लॅटिनोंचा संप’ म्हणू नका. ८ सप्टेंबर १९६५ ला द्राक्षतोड आधी थांबवली ती फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने. सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची शेतमजूर संघटना १६ तारखेला सामील झाली. तासाला १ डॉलर ४० सेंट मागत होते! मोठे बागाईतदार करारावर सह्या करायला आले ते थेट जुलै १९७० मध्ये, द्राक्षांवर देशभर बहिष्कार पडल्यावर.

ऊसपट्टा : ‘सी, से प्वेदे’चं काय? १९७२ मध्ये अ‍ॅरिझोनात ‘इथे नाही जमायचं’ म्हणणाऱ्यांना वेर्ताबाईंनी दिलेलं उत्तर ते. मी ‘जमतंय की!’ लिहीन.

दूरदेशी : मोर्चात ओरडून बघा एकदा. ‘होणार, होणार!’ बरं.

मोरपंखी : मूळ घोषणाच ठेवते, अर्थ कंसात. मुद्दे संपादकांना पाठवले. आता ते विचारतात, अनेकवचन ‘लॅटिनोज’ करायचं का?

पारावरचा : दोन फोटोंना ‘फोटोज’ म्हणत असतील तर करू देत.