शब्दचर्चा: ‘वसाहतोत्तर’ की ‘उत्तर वसाहतवाद’?

खानापूरकर: परकी राजवट आणि तिचे परिणाम तपासणाऱ्या ‘पोस्टकलोनियल’ विचारासाठी एम.ए.च्या टिपणांत ही दोन्ही रूपं सर्रास दिसतात. अर्थ एकच धरायचा का?

शहापूरकर: नको. ‘उत्तर’ कुठं बसतो ते बघा. मागं जोडला की ‘नंतरचा’: स्वातंत्र्योत्तर, मरणोत्तर, पदव्युत्तर. पुढं सुटा ठेवला की पुष्कळदा ‘शेवटचा टप्पा’. उत्तर पेशवाई म्हणजे पेशवाईचाच उत्तरार्ध, १८१८ नंतरचा काळ नव्हे. त्यामुळं ‘उत्तर वसाहतवाद’ वाचून पोरांना इंग्रजी अमदानीची अखेरची वर्षं वाटतात. ‘वसाहतोत्तर’ घ्या आणि पुढं ‘काळ’ किंवा ‘सिद्धान्त’ लावा. इंग्रजीत काळ आणि सिद्धान्त यांतला फरक बहुधा जोडरेघेनं दाखवतात; मराठीत रेघेकडं बघतो कोण!

निपाणीकर: पण हा विचार स्वातंत्र्य मिळाल्यावरच सुरू झाला असं ‘नंतरचा’ वरून वाटतं. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले लेखक फानोन यांचं ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ हे पुस्तक १९५२ चं, अल्जीरिया फ्रेंचांच्या ताब्यातून सुटला १९६२ ला. ‘उत्तर’ म्हणजे जबाब, हा अर्थही मनात असू द्या.

खानापूरकर: आमच्याकडं वसाहत म्हटलं की बेळगावच्या उद्यमबागची औद्योगिक वसाहत. गाडी तिथंच अडते.

शहापूरकर: अडणारच. इंग्रज इथं वसले थोडे, राज्य केलं फार. कन्नडवाल्यांची सोय आहे: ते ‘वसाहतुशाही’ म्हणतात, ‘शाही’मुळं सत्ता लगेच कळते. पुढं मात्र त्यांचंही ‘वसाहतोत्तर’च.

खानापूरकर: आणि ‘सबाल्टर्न’ला ‘वंचित’ चालेल?

निपाणीकर: अर्धवट. ब्रिटिश पलटणीत सबाल्टर्न म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी. इटलीचे मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी यांनी तो शब्द समाजातल्या दबलेल्या गटांसाठी वापरला, १९८२ पासून इतिहासकार रणजित गुहा आणि मंडळींनी आपल्या इतिहासाला लावला. कुणाच्या तरी हुकमाखाली असणं त्यात मुरलेलं आहे. ‘वंचित’मध्ये काही न मिळाल्याचा भाव येतो, हुकूम गळतो. मी ‘सबाल्टर्न’च ठेवतो. खरी पंचाईत विदुषी गायत्री स्पिवाक यांच्या १९८८ च्या निबंधाच्या मथळ्यात: ‘कॅन द सबाल्टर्न स्पीक?’ इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. मराठीत ‘बोलू शकतो का’ की ‘शकते का’, ठरवावंच लागतं.

शहापूरकर: ‘सबाल्टर्नला बोलता येतं का?’ केलं की सुटलं.

निपाणीकर: व्याकरण सुटलं. पण निबंध शेवटी येऊन थांबतो तो बाईपाशी. ‘शकते’च लिहा.