ज्युली सू जवळपास दोन वर्षं अ‍ॅक्टिंगच का राहिल्या?

निवांत_पाटी:
अमेरिकेचं राजकारण फॉलो करणाऱ्यांना प्रश्न. मार्च २०२३ ला मार्टी वॉल्श लेबर सेक्रेटरीचं (कामगार मंत्र्याचं) पद सोडून आइस हॉकी खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख व्हायला गेले (हेही भारीच आहे), बायडननी त्यांच्या जागी ज्युली सूंचं नाव दिलं आणि त्या बाई जानेवारी २०२५ पर्यंत अ‍ॅक्टिंगच (म्हणजे सिनेटची मंजुरी नसलेल्या, प्रभारी) राहिल्या. तेही सिनेटमध्ये स्वतःच्या पक्षाचं बहुमत असून! मग ट्रम्पनी लोरी चावेझ-डेरेमर यांचं नाव दिलं तर त्या १० मार्च २०२५ ला ६७-३२ नी आरामात पास, त्यात १७ डेमोक्रॅट्सची मतं. हे उलटं कसं काय झालं? करिअर बघितलं तर सूंइतकं फिट कोणी दिसत नाही मला.

फाईलवाली:
अहो फिट होत्या तीच तर अडचण होती. १९९५ ला लॉस एंजेलिसजवळ एल मॉंटेला एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सभोवती काटेरी तारा लावून आत थाय कामगारांना कोंडून शिलाई करून घेत होते ते प्रकरण उघड झालं, सू तेव्हा नुकत्याच वकील झालेल्या. त्यांनी फक्त तो अड्डा चालवणाऱ्यांना धरलं नाही, तर ज्या ब्रँडचे आणि दुकानांचे कपडे तिथे शिवले जायचे त्या कंपन्यांनाही कोर्टात खेचलं आणि ४० लाख डॉलरच्या वर पैसे कामगारांना मिळवून दिले. "आम्ही तर काम बाहेर दिलं होतं, आम्हाला काय माहीत" हे चालू दिलं नाही. पुढे २०११ पासून कॅलिफोर्नियाच्या लेबर कमिशनर, २०१९ पासून राज्याच्या लेबर सेक्रेटरी. मालक लोकांना ही बाई काय करू शकते हे चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या विरोधात जाहिराती वगैरे सगळं झालं.

त्यात कोरोनातला बेरोजगारी भत्ता. राज्याने जानेवारी २०२१ मध्ये स्वतःच मान्य केलं की ११४० कोटी डॉलर लबाडांच्या खिशात गेले. त्या खात्यावर देखरेख सूंचीच, त्यामुळे सिनेटच्या हिअरिंगमध्ये (सुनावणीत) रिपब्लिकन त्याच मुद्द्यावर तुटून पडले. तो आक्षेप अगदीच खोटा होता असं मी म्हणणार नाही.

गणितमास्तर:
करिअर वगैरे ठीक आहे पण शेवटी डोकी मोजायची असतात. डेमोक्रॅट्स ५१. सिनेटच्या कमिटीत नाव ११-१० नी सुटलं, सरळ पक्षाप्रमाणे. पण जुलै २०२३ ला डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन म्हणाले मी मत देणार नाही, म्हणजे राहिले ५० (बरोबरी झाली तर उपाध्यक्षांचं मत चालतं), आणि सिनेटर कर्स्टन सिनेमा बाई हो पण म्हणेनात आणि नाही पण म्हणेनात. अजून एक गळाला की नाव पडलं. म्हणून ते मतदानाला आणलंच नाही, २०२४ ला परत नॉमिनेट केलं, कमिटीत परत ११-१०, पुढे परत ठप्प. गंमत म्हणजे २०२१ ला याच सू डेप्युटी सेक्रेटरी म्हणून ५०-४७ नी पास झाल्या होत्या तेव्हा मॅन्चिननी हो म्हटलं होतं!!

आणि "आरामात" वर माझा आक्षेप आहे. चावेझ-डेरेमरना रँड पॉल, मॅककॉनेल आणि टेड बड या तीन रिपब्लिकननी विरोधात मत दिलं, कारण खासदार असताना त्यांनी युनियनवाल्यांच्या प्रो अ‍ॅक्टवर (युनियन करणं सोपं करणारं विधेयक) सही केली होती. हिअरिंगमध्ये त्या त्यातल्या एका महत्त्वाच्या कलमावरून मागे आल्या, राज्यांचे राइट टू वर्क कायदे (युनियनची वर्गणी सक्तीची करू न देणारे) मोडीत काढणारं ते. तरी पॉल ऐकेनात. ती तूट डेमोक्रॅट्सनी भरून काढली, कारण टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या मोठ्या युनियनचे प्रमुख शॉन ओब्रायन बाईंच्या पाठीशी होते (बाईंचे वडील टीमस्टर होते) आणि यांना पाडून पुढचं नाव कुठलं येईल कोणाला माहीत. २०१७ ला ट्रम्पनी या पदासाठी पहिलं नाव बर्गर चेनचे मालकधार्जिणे सीईओ अँड्र्यू पझडर यांचं दिलं होतं, ते मतदानाआधीच मागे घ्यावं लागलं, ती आठवण असणारच.

निवांत_पाटी:
बरं, मतं नव्हती हे पटलं. पण मग इतके दिवस अ‍ॅक्टिंग ठेवता कसं येतं? २१० दिवसांची मर्यादा असते ना?

फाईलवाली:
असते, रिकाम्या पदांवरच्या १९९८ च्या व्हेकन्सीज अ‍ॅक्टमध्ये. पण लेबर खात्याचा स्वतःचा १९४६ चा वेगळा कायदा आहे, सेक्रेटरी नसेल तर नवा येईपर्यंत डेप्युटीने काम बघायचं, आणि त्यात दिवसांची अटच नाही. सू डेप्युटी म्हणून आधीच कन्फर्म झालेल्या, त्यामुळे व्हाइट हाउसने तो कायदा पुढे केला. रिपब्लिकननी ओरड केली तेव्हा संसदेच्याच जीएओ या तपासणी कार्यालयाने सप्टेंबर २०२३ ला सांगितलं की हे कायदेशीर आहे. तिथून मतदानाची घाई कोणालाच उरली नाही.

सहज_डोकावलो:
आणि काम काही अडलं नाही हो. जून २०२३ ला पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदर कामगारांचा करार झाला तेव्हा मध्यस्थीला सूच होत्या. ऑक्टोबर २०२४ ला पूर्व किनाऱ्यावर संप झाला तो तीन दिवसात मिटला, तिथेही त्या होत्या. दोन्ही वेळा पाटीवर अ‍ॅक्टिंगच.

गणितमास्तर:
@सहज_डोकावलो संप मिटवायला सिनेटची मतं लागत नाहीत ना :) पण नवा ओव्हरटाइमचा नियम काढला तो टेक्ससच्या कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केला, अर्थात तो किती पगारापर्यंत ओव्हरटाइम द्यायचा त्या मर्यादेवरून, अ‍ॅक्टिंगवरून नाही.