'सुखद वेदना' चालेल का?

आडवाट
सतिपट्ठान सुत्ताचा, म्हणजे सजगतेच्या साधनेवरच्या बुद्धाच्या पाली प्रवचनाचा, मराठी अनुवाद करते आहे. ध्यानाला बसणाऱ्यांना हाताशी ठेवता यावा, वाचून झाला की लगेच बसता यावं, एवढाच हेतू. श्वासाचा भाग, चालणं-उभं राहणं-बसणं-झोपणं, इथपर्यंत सुरळीत झालं. वेदनानुपस्सनेत, म्हणजे वेदना निरखण्याच्या भागात, अडकले. मूळ वाक्य असं: 'सुखं वा वेदनं वेदयमानो सुखं वेदनं वेदयामीति पजानाति'. मी लिहिलं, 'सुखद वेदना होत असताना सुखद वेदना होते आहे, हे तो जाणतो.' मसुदा वाचायला दिला त्या काकू वीस वर्षं ध्यान करताहेत. त्यांनी 'सुखद वेदना'खाली रेघ मारून शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'वेदना सुखद कशी असेल?' मराठी वाचणाऱ्याच्या मनात वेदना म्हटलं की वेदनाशामक आणि प्रसववेदनाच येणार. पुढची 'अदुक्खमसुख', म्हणजे सुखही नाही आणि दुःखही नाही अशी, वेदना तर वाचकापर्यंत पोचतच नाही. दुसरा शब्द सुचवा.

ओसरी
संवेदना. यात अडण्यासारखं काही नाही. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी १९६९ साली ब्रह्मदेशातून आले आणि तेव्हापासून त्यांच्या हिंदी प्रवचनांत हाच शब्द ऐकत आलोय. दहा दिवसांचं शिबिर केलेल्या कोणालाही 'शरीरावरच्या संवेदना बघा' म्हटलं की काय करायचं ते कळतं. ज्यांच्यासाठी अनुवाद करताय त्यांच्या तोंडी शब्द तयार असताना नवा कशाला शोधायचा?

वार्तिक
तोंडी आहे हे मान्य, पण तो हिंदीच्या वाटेने आलाय. शोकसभेत 'संवेदना व्यक्त' होऊ लागल्या त्याही तिकडूनच. मुळात 'सं' हा उपसर्ग सुत्तातल्या या वाक्यात नाही, तो आपण आपल्या सोयीसाठी का चिकटवायचा?

वेदना शब्दात दुखणं नाहीच. धातू विद्, जाणणे. पाणिनीच्या 'ण्यासश्रन्थो युच्' (३.३.१०७) या सूत्रावरच्या वार्तिकात, म्हणजे पुरवणी-नियमात, घट्ट्, वन्द् आणि विद् हे धातू एकत्र येतात. म्हणजे वंदना आणि वेदना व्याकरणाने सख्ख्या बहिणी. तुम्ही वेदना बदललीत तर थांबणार कुठे? बौद्ध मतात माणूस ज्यांचा बनतो ते पाच स्कंध मराठी कानाने ऐका: रूप म्हणजे देखणेपण, वेदना म्हणजे दुखणं, संज्ञा म्हणजे पारिभाषिक नाव, संस्कार म्हणजे आईवडिलांनी लावलेलं वळण, विज्ञान म्हणजे शाळेतला विषय. पाचही शब्द आपले आणि पाचांचेही अर्थ सरकलेले. पाचही बदलणार का? शब्द ठेवा, सुरुवातीला अर्थ सांगा, वाचक शिकेल.

चांदणवेल
वार्तिक, शिकतो खरा, पण किती उशिरा ते सांगते. आमच्याकडे धम्मवंदना रोजची. 'सन्दिट्ठिको अकालिको एहिपस्सिको ओपनेय्यिको पच्चत्तं वेदितब्बो विञ्ञूही ति'. मला लहानपणी वाटायचं की शहाण्या माणसांना धम्म स्वतः वेदना भोगून मिळतो. कितीतरी वर्षं मी तो अर्थ धरून हात जोडत होते, आणि म्हणताना जरा भीतीही वाटायची. पुढे एकदा बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'अगं, वेदितब्बो म्हणजे अनुभवून जाणायचा. ज्याचा त्याने.' त्या दिवसापासून ती ओळ मला वेगळीच ऐकू येते.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत 'जय जय स्वसंवेद्या' आहे, तोही हाच विद्. म्हणजे जाणण्याचा अर्थ मराठीत होता, आपण तो वापरायचा सोडला. 'जाणीव' का नको? सुखद जाणीव, दुःखद जाणीव. कुणालाही समजेल.

आडवाट
चांदणवेल, करून पाहिलं. 'सुखद जाणीव जाणवत असताना सुखद जाणीव जाणवते आहे, हे तो जाणतो.' एका वाक्यात पाचदा जाण! मूळ पालीतही चारदा विद् आहे, पण पजानाति वेगळ्या धातूचं, ज्ञाचं. वेदना होणं आणि ती होते आहे हे कळणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यावर तर सगळी साधना उभी आहे. जाणीव घेतली की त्या एकमेकींत मिसळतात.

शब्दखुणा
एक विचार बरेच दिवस मनात आहे, तो इथेच मांडतो. मराठीत पोटात 'कळ' येते आणि गोष्ट 'कळते'. दुखणं आणि समजणं दोन्ही एकाच अक्षरजोडीत. जे वेदनेचं झालं तेच इथेही झालं असेल का? आधी नुसतं 'जाणवणं' असेल आणि त्यातलं सगळ्यात जोरात जाणवणारं ते दुखणं. मला हे फार पटतं.

वार्तिक
पटणं वेगळं आणि व्युत्पत्ती वेगळी. ध्वनी जुळले म्हणून मूळ जुळत नाही. यंत्राचीही कळ असते आणि भांडणाचीही कळ काढतात, त्यांचं काय करणार?

शब्दखुणा
काढलेली कळ दुखतेच की. बरं, आग्रह नाही. पण प्रत्येक शब्दाला पाणिनीची साक्ष लागत नाही, बोलणाऱ्यांची लागते.

उंबरठा
सगळं वाचलं. मूळ गोष्ट बाजूला राहते आहे असं वाटतं, म्हणून लिहितो. संवेदनेला माझा विरोध ती हिंदी आहे म्हणून नाही, तिने अर्थच बदलतो म्हणून आहे. खाज, मुंग्या, ऊब, दाब या अभिधम्माच्या, म्हणजे बौद्ध तत्त्वविश्लेषणाच्या ग्रंथांच्या, हिशेबाने वेदना नाहीतच. ते फोट्ठब्ब, स्पर्शाचे विषय, म्हणजे रूप, शरीर-पदार्थाची बाजू. वेदना हा चित्ताचा भाग, नामातला, म्हणजे मनाच्या बाजूचा. ऊब लागली, ती बरी वाटली; त्यातलं 'बरं वाटणं' ही वेदना. 'फस्सपच्चया वेदना, वेदनापच्चया तण्हा', स्पर्शामुळे वेदना, वेदनेमुळे तृष्णा: तृष्णा उगवते ती त्या बरं-वाईट वाटण्यातून. संवेदना म्हटलं की माणूस अंगावर मुंग्या शोधत बसतो आणि ज्या सांध्यावर नजर हवी तो निसटतो.

वेदना-संयुत्त या वेदनेवरच्या सुत्तांच्या संग्रहातलं सल्लत्थ सुत्त बघा. एका माणसाला बाण लागतो आणि लगेच त्याला दुसरा बाण मारतात. शरीराला झालेली दुःखद वेदना पहिला बाण, तिच्यामुळे शोक करत बसणं दुसरा. शिकलेल्या श्रावकाला, बुद्धाच्या शिष्याला, पहिलाच लागतो. तिथे बाणाला पाली शब्द आहे 'सल्ल', संस्कृत शल्य. आपला 'सल' तोच! मनात सल राहतो तो बरोबर हा दुसरा बाण. एवढा नेमका शब्द मराठीकडे आहे आणि एकाही अनुवादात मला तो दिसला नाही, सगळीकडे बाण नाहीतर तीर.

ओसरी
उंबरठा, सल मनापासून आवडला. पण मुंग्यांबद्दल ऐका. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग रोज तीन वेळा तासभर न हलता अधिष्ठानाला बसायचं. माझा डावा गुडघा पंचविसाव्या मिनिटाला पेटायचा. 'चित्ताचा भाग', 'नाम' हे शब्द त्या वेळी माझ्या काही कामाचे नव्हते. 'संवेदना आहे, बघ' एवढं मला पेललं. बघता बघता दिसलं की पेटणं वेगळं आणि नको-नको म्हणणं वेगळं. तुम्ही सांगताय तो सांधा मला गुडघ्यातच सापडला. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहात 'वेदनासमोसरणा सब्बे धम्मा' म्हटलंय, सगळे धम्म वेदनेत येऊन मिळतात. मग सुरुवात अंगावरून केली तर काय बिघडलं?

उंबरठा
बिघडलं काहीच नाही, तुम्ही पुढे गेलात. मी मुंग्यांपाशीच थांबलेले साधक पाहिलेत. ब्रह्मदेशातले ध्यानगुरू महासी सयाडॉ यांच्या पद्धतीत पोटाचं फुगणं-बसणं नोंदवताना बरं वाटलं तर 'बरं वाटणं' असंही नोंदवतात, तिथे हा घोळ कमी होतो असा माझा अनुभव.

चांदणवेल
मज्झिम निकायात बहुवेदनीय सुत्त आहे. पंचकंग नावाचा सुतार म्हणतो, भगवंतांनी वेदना दोनच सांगितल्या. थेर उदायी म्हणतात, तीन. तीन-तीनदा सांगूनही कोणी मागे हटत नाही. आनंदाने ते बुद्धाला सांगितलं, तेव्हा उत्तर मिळालं की परियायाने, म्हणजे सांगण्याच्या वेगवेगळ्या रीतींनी, दोन सांगितल्या, तीनही सांगितल्या, पाच, सहा, अठरा, छत्तीस आणि एकशे आठही. मग एकाच अनुवादात जागा बघून शब्द का बदलू नये? गुडघ्यापाशी संवेदना, तृष्णेपाशी वेदना.

वार्तिक
परियाय मोजण्याचा होता, शब्दाचा नव्हे. एकशे आठ झाल्या तरी त्या वेदनाच राहिल्या. दर पानाला शब्द बदललात तर सुत्तांमधले धागे वाचकाला दिसणारच नाहीत.

आडवाट
वार्तिक, धाग्यांचं पटतं. मी सध्या 'अनुभूती' आणि 'वाटणं' अशा दोन प्रती करून बघते आहे. 'सुखद वाटत असताना सुखद वाटतं आहे, हे तो जाणतो.' कानाला साधं लागतं, पण मग अनुपस्सना कशाची? 'वाटण्याची अनुपश्यना' लिहिताना हात थांबतो. आणि पुढे सामिस-निरामिस, म्हणजे आमिष असलेली आणि नसलेली वेदना, आहेच. आमिष मराठीत गळाला लावतात किंवा मतदाराला दाखवतात. 'आमिष असलेलं सुख' हे मात्र चक्क जमतंय, मुळाच्या जवळही आहे.

शब्दखुणा
मग उपेक्खेचं, म्हणजे चित्ताच्या समतोलाचं, काय करणार? तो शब्द तर वेदनेपेक्षा वाईट अवस्थेत आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. सात बोज्झंगांतला, म्हणजे बोधीच्या अंगांतला, शेवटचा, आणि आपल्याकडे उपेक्षित लेखक, उपेक्षित वस्ती!

ओसरी
समता.

वार्तिक
समता म्हटलं की मराठी माणसाला सामाजिक समताच ऐकू येणार. उपेक्षा म्हणजे उप अधिक ईक्ष्, जवळून बघणं. शब्दात दुर्लक्ष कुठेच नाही.

चांदणवेल
माझी आजी पाळण्यातल्या रडणाऱ्या बाळाकडे बघत बसायची. उचलायची नाही, उठूनही जायची नाही, पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून नुसती बघायची. आई रागावली की म्हणायची, 'पोट भरलंय, कोरडं आहे, झोपेला आलंय. मी आहे ना इथे.' या बघण्याला तुमच्यात कोणी काय म्हणतं?

उंबरठा
आमच्याकडे 'नजर ठेवून असणं' म्हणायचे. पण त्यात थोडा पहारा येतो.

आडवाट
'लक्ष असणं'? उपेक्षेच्या अगदी उलट दिसेल. उद्या बोज्झंगांचं पान काढते आणि बसवून बघते.