शोध आणि संशोधन : फरक काय?

प्रश्न (म्हापसा)
टी.वाय.ला आहे. पेपरसाठी ‘गोव्यातील खाजन शेती’ (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल शेती) हा विषय घेतला. आराखडा दाखवला तर सरांनी समासात लिहिलं, ‘हा शोध झाला, संशोधन नव्हे.’ मला दोन्ही शब्द एकच वाटत होते. हिंदीत तर रिसर्चला सर्रास ‘शोध’ म्हणतात. आता सुरुवात कुठून करू?

उत्तर (फोंडा)
सरांचा शेरा अगदी नेमका आहे. मराठीत शोध घेतात, शोध लागतो, शोध लावतात. हरवलेल्या गुराचा शोध घेतला, ते सापडलं, की काम संपलं. संशोधनात सापडल्यावर खरं काम सुरू होतं. मुळाशी ‘शुध्’ धातू आहे. सापडलेलं पाखडायचं, ताडून बघायचं. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, त्या कामाला ‘प्रतिशुद्ध’ असा शब्द आहे. धातू तोच. हिंदीतलं ‘संविधान संशोधन’ म्हणजे आपली घटनादुरुस्ती, तिथेही हाच अर्थ टिकून आहे.

जाता जाता : तुला लिहायचाय तो शोधनिबंध. प्रबंध पीएच.डी.ला.

उत्तर (दिवाडी)
आमची खाजनं आहेत म्हणून लिहितो. ‘गोव्यातील खाजन शेती’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. एखाद्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाऊन उभी राहा. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आपसूक उघडतात. खारं पाणी शेतात येत नाही, आतलं जादा पाणी नदीत जातं. तिथल्या मासळीच्या हक्काची पावणी (लिलाव) होते. आता विचार : पावणीचे पैसे कोणाकडे जातात? दार मोडलं तर दुरुस्ती कोण करतं? बांध फुटला तर कोण धावतं? कूळ एक सांगेल, गावकार दुसरंच. ते दोन्ही लिहून घे आणि मग गावकारीच्या, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, कागदांशी ताडून बघ. जुने कागद पोर्तुगीजमध्ये असतील, वाचणारं माणूस आधीच गाठून ठेव. पणजीत पुराभिलेख खातं आहे, पाट्टोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे. पण आधी मानस, मग ग्रंथालय. प्रश्न हातात नसेल तर कपाटं बघून जीव दडपतो.

प्रश्नकर्ती
मामाच्या गावात मानस आहे, रविवारी जाते. विषय आता ‘एका मानशीची पावणी आणि बांधाची दुरुस्ती’ असा केलाय. एकच शंका, पेपरात ‘पावणी’ चालेल की ‘लिलाव’ लिहू?

उत्तर (फोंडा)
पावणीच लिही. पहिल्यांदा येईल तिथे ‘पावणी, म्हणजे लिलाव’ एवढं पुरे. कोरगूट (खाजनातलं खारं सोसणारं भात), मानस, कूळ हेही असेच राहू देत. लोक ज्या शब्दांत सांगतील तेच वहीत उतरव. घरी येऊन त्यांचं प्रमाण मराठी करत बसलीस तर नंतर ताडायला मूळ बोलणंच हाताशी राहणार नाही.