बुटिजेजची माघार: बायडनना तिने तारलं, की ते आधीच तरले होते?

रानवारा:
अमेरिकेच्या २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी पीट बुटिजेज यांचं नाव पुन्हा ऐकू येतंय, म्हणून जुना हिशेब उकरतो. माझं म्हणणं सरळ आहे. १ मार्च २०२० ला या गृहस्थांनी माघार घेतली नसती, तर डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी बायडनना मिळाली नसती.

आठवा जरा. पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, म्हणजे प्रायमरी वगैरे, राज्याराज्यांत पाळीपाळीने होतं. आयोवात बायडन चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सनी नेवाडा दणक्यात मारलेलं. 'सँडर्स नकोत' म्हणणारी मतं बायडन, बुटिजेज, क्लोबुशार, ब्लूमबर्ग अशी चार घरांत वाटलेली. १ मार्चला बुटिजेज बाहेर, २ तारखेला क्लोबुशार बाहेर, त्याच संध्याकाळी डॅलसमध्ये दोघांचाही बायडनना पाठिंबा. ३ तारखेला सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी १४ राज्यांत मतदान, आणि १४ पैकी १० राज्यं बायडनकडे! मिनेसोटा बघा. सँडर्स आदल्याच दिवशी सेंट पॉलमध्ये सभा घेऊन गेलेले. तरी बायडन नऊएक टक्क्यांनी पुढे. घरच्या राज्यातली क्लोबुशारची मतं नाहीत, तर मग कोणाची?

गणिताचा तास:
साउथ कॅरोलायना विसरलात की सोयीने गाळलंत? २९ फेब्रुवारीला तिथे बायडनना ४८ टक्क्यांवर मतं, सँडर्स २० च्या आत. तीन दिवस आधी खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनच्या बाजूने कौल दिला होता. तिथल्या प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय, आणि बुटिजेजना जेमतेम आठ टक्के. हरल्यावर माणूस घरी गेला, एवढंच. तुम्ही परिणामाला कारण म्हणताय. व्हर्जिनियात बायडन ५३, सँडर्स २३. एवढं भगदाड दोघांच्या माघारीने पडत नाही.

आणि मतं म्हणजे काय गोणीतले बटाटे आहेत, इकडून उचलून तिकडे ओतायला? बुटिजेजच्या मतदारांची दुसरी पसंती तेव्हाच्या जनमत चाचण्यांत बायडन, सँडर्स आणि सँडर्ससारख्याच डाव्या एलिझाबेथ वॉरन अशी तिन्हीकडे विखुरलेली होती.

रानवारा:
विखुरलेली असेनात का. १५ टक्क्यांची अट लक्षात घ्या. राज्यात किंवा त्यातल्या मतदारसंघात १५ च्या खाली गेलात की तिथले डेलिगेट, म्हणजे उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, शून्य, आणि तुमचा वाटा वरचे वाटून घेतात. समजा, मतदारसंघात सहा डेलिगेट आहेत. सँडर्स ३०, बायडन १४, बुटिजेज १३, बाकीचे त्याहून खाली. सहाच्या सहा सँडर्सना! आता बुटिजेज गेले आणि त्यांच्या तेरातले फक्त दोन टक्के बायडनकडे सरकले. ३० विरुद्ध १६, म्हणजे चार-दोन. गोणी ओतायची गरजच नाही, दोन बटाटे पुरतात.

चहाटळ:
आपल्याकडे बरं असतं. दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घ्या, मग चिन्हवाटप, मग छपाई. तिकडे मतदान सुरू झाल्यावर माघार कशी काय चालते?

खाडीपलीकडची:
चालते, आणि माझ्यासारखीचं मत वाया जातं. मी कॅलिफोर्नियात मतदार आहे, कुठल्याच पक्षात नोंदणी नाही. त्यामुळे डेमोक्रॅट्सची मतपत्रिका वेगळी मागून घ्यावी लागली. ती आली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बुटिजेजपुढे खूण केली, पाकिटावर सही केली, पोरीला सोबत घेऊन पेटीत टाकून आले. आठवड्याभरात साहेब बाहेर! नाव छापलेलंच राहतं. माघार घेतलेल्या माणसाला आमच्या राज्यात चार टक्क्यांवर मतं पडली, जवळपास अडीच लाख. मी त्यातली एक.

म्हणून मला रानवारांचं पटतं, पण अर्धवटच. सँडर्सना त्या दिवशी मिळालेली राज्यं पाहा: कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा, व्हर्मांट. व्हर्मांट त्यांचं घरचं. बाकी तिन्हीकडे टपाली मतदान जोरात, म्हणजे कितीतरी लोकांनी माघारीआधीच मत टाकलेलं.

गणिताचा तास:
ताई, टपालपेटीला एवढं श्रेय नको. कोलोरॅडो आणि युटा सँडर्सनी २०१६ लाही जिंकलं होतं. कॅलिफोर्नियात या वेळी लॅटिनो मतदार त्यांच्याकडे आले.

चहाटळ:
मला तर यात वरून फिरलेले फोन दिसतात. मग वॉरनबाईंना कोणी का बसवलं नाही? मॅसॅच्युसेट्स त्यांचं स्वतःचं राज्य. बायडन ३३, सँडर्स २७ च्या आत, बाई २१ वर, तिसऱ्या. त्यांनी ५ मार्चला माघार घेतली. तीन दिवस आधी घेतली असती तर?

रानवारा:
फोन झालेच असतील, राजकारणात त्याला बोलणी म्हणतात. पण वॉरनची सगळी मतं सँडर्सना गेली असती हे कशावरून? आणि ब्लूमबर्ग तर मैदानातच होते. ५० कोटी डॉलरहून जास्त ओतले, जिंकलं फक्त अमेरिकन समोआ. ते कोणाची मतं खात होते? बायडनचीच.

गणिताचा तास:
बघा, आता स्वतःच म्हणताय की ब्लूमबर्ग असूनही बायडन जिंकले. १५ टक्क्यांचा मुद्दा मात्र मान्य, तो मी धरला नव्हता. त्याने सुपर ट्यूसडेची आघाडी फिरू शकते. पण तुम्ही उमेदवारी म्हणालात, आघाडी नाही. १० मार्चला मिशिगनमध्ये बायडननी सोळाएक टक्क्यांनी हरवलं, तेही २०१६ ला सँडर्सनी जिंकलेलं राज्य. तिथे बुटिजेजच्या मतांचा काय संबंध?

रानवारा:
३ तारखेला सँडर्स पुढे राहिले असते, तर मिशिगन तसंच लागलं असतं का? लोक जिंकणाऱ्याच्या मागे जातात.

गणिताचा तास:
हे तुम्ही सिद्ध करा, मी जेवून येतो.

खाडीपलीकडची:
तुमचं चालू द्या. मी आता मतपत्रिका शेवटच्या दिवसापर्यंत फ्रिजला चुंबकाने लावून ठेवते. नवरा विचारतो, भरली का? म्हणते, थांब, अजून कोणी बाहेर पडायचंय का बघू दे.