कासवाला फ्रिजमध्ये शीतनिद्रेसाठी ठेवणे कितपत सुरक्षित आहे?

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आणि जावई मँचेस्टरला असतात आणि त्यांनी हर्मन जातीचे एक कासव पाळले आहे. येत्या डिसेंबरात आम्ही उभयता तिकडे जाणार आहोत. त्याच सुमारास ती दोघे काही दिवस बाहेरगावी जाणार असल्याने घराबरोबर कासवही आमच्यावर सोपवले जाईल. ते त्या वेळी फ्रिजमध्ये झोपलेले असेल, असे मुलीने फोनवर सांगितल्यापासून माझी पत्नी अस्वस्थ आहे. जिवंत प्राण्याला दार लावून थंडीत कोंडणे हा त्याचा छळ नव्हे काय, या तिच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. इथे कोल्हापुरात आमच्या परिचयातील एका कुटुंबाकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासव आहे. थंडी सुरू झाली की ते खाणे कमी करते, म्हणून परदेशी व्हिडिओ पाहून तेही घरच्या फ्रिजमध्ये ठेवण्याचे त्यांच्या मनात आले आहे. या उपायाला मूळात काही आधार आहे का आणि तो आपल्याकडील कासवाला लागू पडतो का, हे कृपया कोणी जाणकाराने सविस्तर सांगावे.

गंगावेस ते म्युनिक

काका, मी मूळची गंगावेशीतली असून अनेक वर्षे जर्मनीत राहते, आणि आमच्याकडेही हर्मन कासवे आहेत. आधी काकूंच्या शंकेचे उत्तर देते. हे कासव स्पेन, इटली, ग्रीस अशा दक्षिण युरोपातील प्रदेशांचे रहिवासी आहे आणि तिथला हिवाळा ते मातीत पुरून घेऊन झोपेतच काढते. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. गारठा वाढला की हृदयाचे ठोके, श्वास आणि पचन हे सर्व मंदावते आणि साठवलेल्या चरबीवर व मूत्राशयातील पाण्यावर ते काही महिने निभावून नेते. म्हणजे झोप त्याची स्वतःचीच आहे. फ्रिज फक्त तापमान एका जागी धरून ठेवतो.

ते धरून ठेवणे महत्त्वाचे का, हे नीट समजून घ्या. शीतनिद्रेसाठी सुमारे ५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम असते आणि ३ ते ७ अंशांच्या दरम्यान ते राहिले तर चिंता नसते. शून्याच्या खाली गेल्यास शरीरातील पाणी गोठून डोळे कायमचे जाऊ शकतात किंवा जीवच जातो. उलट १० अंशांच्या वर गेल्यास कासव अर्धवट जागे होते; खाण्याइतकी ऊब नसते आणि साठा मात्र झपाट्याने संपत जातो. उत्तरेकडच्या हिवाळ्यात बाग किंवा गॅरेज एका आठवड्यात गोठते आणि पुढच्या आठवड्यात उबदार होते, म्हणून पुष्कळ पालक फ्रिजकडे वळले.

मात्र खरी काळजी फ्रिजच्या आधीच्या आठवड्यांत घ्यावी लागते. प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. आजारी किंवा रोडावलेले कासव झोपवायचे नाही. त्यानंतर मोठ्या कासवाचे खाणे साधारण तीन-चार आठवडे आधी थांबवतात, लहानाचे त्याहून कमी काळ. आतड्यात अन्न राहिले तर थंडीत ते पचत नाही, आतल्या आत सडते आणि झोपेतच प्राणी दगावतो. या काळात उपाशी असले तरी त्याला तहानलेले ठेवायचे नसते. कोमट पाण्याच्या उथळ घमेल्यात वरचेवर बसवले की ते पाणी पिते आणि आतडेही मोकळे होते. दिवा आणि ऊब टप्प्याटप्प्याने कमी करून मगच त्याला पेटीत ठेवतात. हे सर्व आपली मुलगी करूनच जाईल.

आपल्याकडे उरेल ते रोजचे लक्ष. कासवाचा फ्रिज वेगळा असावा. स्वयंपाकाच्या फ्रिजचे दार दिवसभर उघडझाप होत असल्याने तापमान टिकत नाही, शिवाय कासवांच्या अंगावर माणसाला पोटाचा आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पेटीला हवेसाठी भोके असतात, पण फ्रिज हवाबंद असतो. त्यामुळे दिवसातून एकदा दार उघडून पंख्यासारखे दोन-चार वेळा हलवावे, म्हणजे आतली हवा बदलते. तापमापीचे टोक पेटीच्या आत, कासवाजवळ असावे; फ्रिजच्या दारावरचा आकडा गृहीत धरू नये. पेटी मागच्या भिंतीला टेकलेली नाही ना, तेही पाहावे, कारण तिथे बर्फ धरतो.

आठवड्यातून एकदा वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. झोपायला जाताना ८०० ग्रॅम असलेले कासव ७२० च्या जवळ येऊ लागले, म्हणजे दहा टक्क्यांची घट झाली, तर झोप तिथेच थांबवायची. पेटीतला कागद ओला दिसला आणि वजन एकदम उतरले, तर त्याने लघवी केली असे समजावे. मूत्राशयातील पाणी हाच त्याचा साठा असल्यामुळे अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी जागे करावे लागते.

पशुवैद्य, शाहूपुरी

वरील माहिती बरोबर आहे. मी केवळ कोल्हापुरातील कासवाविषयी लिहितो, आणि शक्य तितक्या स्पष्टपणे लिहितो: त्या कुटुंबाला आजच्या आज थांबवा.

आपण वर्णन केलेले कासव तारा कासव दिसते. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात, दक्षिण भारताच्या काही भागांत आणि श्रीलंकेत आढळणारा हा प्राणी हर्मन कासवासारखा महिनोन्महिने शीतनिद्रा घेत नाही. थंडीत किंवा कडक उन्हाळ्यात तो सुस्त होतो, सकाळी कोपऱ्यात बसून राहतो आणि ऊन चढल्यावर पुन्हा चरू लागतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १४-१५ अंश असले तरी दुपारी पारा २९-३० वर जातो. या हवेत त्याने खाणे कमी करणे स्वाभाविक आहे. त्याला ५ अंशांत ठेवले तर पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही बंद पडतात, पोटातले अन्न कुजते आणि फुफ्फुसाला संसर्ग होतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ते शांत झोपले आहे असेच वाटत राहते. दुपारच्या उन्हातही ते खात नसेल, नाकातून पाणी येत असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उबेची व उपचारांची गरज आहे.

रंकाळा परिसर

कायद्याची बाजूही सांगणे आवश्यक वाटते. तारा कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. ते घरी बाळगणे हा गुन्हा असून त्याला कैदेची शिक्षा आहे. कासव घरात असले की भाग्य येते, या समजुतीतून लोक ते विकत घेतात आणि त्या मागणीमुळेच रानातली कासवे पोत्यांत भरून नेली जातात, याचे मला फार वाईट वाटते. त्या कुटुंबाने वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करून कासव सुपूर्द करावे. घाबरून ते रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नये, ही हात जोडून विनंती. हे जमिनीवरचे कासव आहे; ते खोल पाण्यात बुडून मरते.

राजारामपुरीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या कुटुंबाशी आज संध्याकाळीच बोलतो. मँचेस्टरसंबंधी दोन शंका उरतात. वीज गेली तर काय करावे? आणि इतके निश्चल कासव जिवंत आहे, हे ओळखायचे कसे?

गंगावेस ते म्युनिक

वीज गेली तर दार उघडू नका. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आत ठेवलेल्या असतील तर काही तास तापमान फारसे चढत नाही. त्यापेक्षा मोठा धोका गॅरेजमधल्या फ्रिजला असतो. फ्रिज फक्त थंड करू शकतो, गरम नाही. त्यामुळे बाहेरचे तापमान शून्याखाली गेले की आतलेही हळूहळू तिकडेच सरकते. म्हणून फ्रिज घरात ठेवला आहे ना, हे मुलीला आत्ताच विचारा.

वजन करताना मागच्या पायाला बोट हळूच लावून पाहा. जिवंत कासव पाय आत ओढते, पण इतके सावकाश की क्षणभर काहीच घडले नाही असे वाटते, म्हणून घाई करू नका. पाय सैल लोंबत असेल, डोळे खोल गेले असतील किंवा दुर्गंधी येत असेल, तर पशुवैद्याला लगेच फोन करायचा. तो क्रमांक आणि मागील वजनांची नोंद मुलीकडून लिहून घ्या व फ्रिजच्या दारावरच चिकटवा. आपण असताना जागे करण्याची वेळ आलीच, तर पेटी आधी काही तास घरातल्या साध्या तापमानात ठेवा, मग कासवाला कोमट पाण्यात बसवा आणि दिव्याची ऊब द्या. आधी त्याला पाणी पिऊ द्यावे, कारण झोपेच्या काळात रक्तात साचलेली घाण मूत्रावाटे बाहेर पडणे गरजेचे असते. खाणे एक-दोन दिवसांनी सुरू झाले तरी चालते, पण आठवडा उलटूनही ते खात नसेल तर पशुवैद्याकडे न्यावे.